मीटरवरचा काटा आणि दिवा: कोणाचं, कधी आणि किती ऐकायचं

मागच्या मे महिन्यात माझ्या साळ्यानं दिग्रसहून दारव्ह्याला येताना लहान पेट्रोल गाडीचं इंजिन तापवून त्याचं हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उडवलं. लाल दिवा लागल्यावरही तो सात-आठ किलोमीटर तशीच हाकत राहिला. का, म्हणून विचारलं तर म्हणे, "भाऊजी, काटा त वर गेलाच नव्हता." त्या गाडीला तापमानाचा काटाच नाही. तो बघत होता तो पेट्रोलचा.

हसण्यासारखं आहे, पण अशी चूक करणारा तो एकटा नाही. आपल्याकडे पुष्कळ जण जुन्या जीपच्या सवयीनं मीटर वाचतात: काटा हलला तरच घाबरायचं. आताच्या गाड्यांत ऑइलचा काटा राहिला नाही, चार्जिंगचा नाही, बऱ्याच लहान गाड्यांत तापमानाचाही नाही. त्यांच्या जागी दिवे आले. दिव्याचं काम स्विचसारखं असतं. ठरलेली हद्द ओलांडली की तो लागतो, त्याआधी एक शब्द बोलत नाही. काटा आधीपासून बोलतो, पण आताचा काटा पूर्ण खरं सांगत नाही. म्हणून दोन्ही वाचायची एक पद्धत लावून घ्यावी लागते. ती खाली क्रमानं दिली आहे. क्रम मोडू नका, बहुतेक नुकसान क्रम चुकल्यानंच होतं.

## तयारी: घरी, गाडी थंड असताना

गाडीसोबत आलेलं पुस्तक काढा. सेकंडहँड गाडी असेल आणि पुस्तक नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलचं आणि त्याच वर्षाचं उतरवून घ्या. त्यातल्या दिव्यांच्या पानांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, कारण परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीला जाताना रस्त्यात रेंज मिळेलच असं नाही.

मग मीटरसमोर बसून तीन प्रश्नांची उत्तरं शोधा. तापमानाला काटा आहे, पट्ट्या आहेत, की नुसता निळा-लाल दिवा? ऑइलचा दिवा दाबाचा आहे, की पातळीचा वेगळा दिवाही आहे? आणि डिझेल गाडी असेल तर फिल्टरमधल्या पाण्याचा आणि डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा कोणता?

डिकीत एवढं ठेवा: तयार मिसळलेलं कुलंट एक-दोन लिटर, डिस्टिल्ड पाणी, जाड फडकं किंवा गोणपाटाचा तुकडा, टॉर्च, हवा मोजायचं गेज. हजार रुपयांच्या आसपास ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर मिळतो, तोही घ्या. स्टेअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात तो बसतो आणि मोबाइलवर खरं तापमान अंशांत दाखवतो. माझ्या मते ज्या गाडीला तापमानाचा काटा नाही, तिच्यासाठी सीट कव्हरच्या आधी ही वस्तू घ्यावी.

सावधान: रेडिएटरमध्ये विहिरीचं किंवा बोअरचं पाणी नको. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर मुळीच नको. क्षार आत थर धरतात, गंज चढतो, आणि सेन्सरच्या टोकावर पापुद्रा बसला की काटाही चुकीचा दाखवतो.

## टप्पा १: चाबी फिरवा, पण सेल्फ मारू नका

चाबी 'ऑन'वर आणा आणि थांबा. बटणाची गाडी असेल तर ब्रेकवर किंवा क्लचवर पाय न ठेवता बटण दाबा, बहुतेक गाड्यांत दोनदा दाबावं लागतं. मीटरवर जत्रा भरल्यासारखे दिवे लागतील. ही दिव्यांची हजेरी आहे. एबीएस आणि एअरबॅगचे दिवे काही सेकंदांनी आपोआप विझतात. ऑइल, बॅटरी आणि चेक इंजिनचे दिवे इंजिन सुरू होईपर्यंत लागलेले राहायला हवेत.

या वेळी *न लागलेला* दिवा शोधायचा असतो, आणि नेमकं इथंच लोक चुकतात. "काही लाइट नाही, गाडी एकदम ओके" असं म्हणून निघतात. हजेरीला ऑइलचा दिवा आलाच नाही, तर रस्त्यात दाब गेला तरी तो लागणार नाही.

सेकंडहँड गाडी बघायला गेलात तर ही तपासणी मालकाच्या आधी स्वतः करा. चेक इंजिनचा किंवा एअरबॅगचा दिवा काढून टाकायचा, नाहीतर दुसऱ्या दिव्याच्या वायरला जोडून द्यायचा, हे प्रकार चालतात. जोडलेला दिवा ओळखता येतो. एअरबॅगचा दिवा स्वतःच्या वेळेनं विझायला हवा. तो बरोबर ऑइलच्या किंवा बॅटरीच्या दिव्यासोबतच विझत असेल तर व्यवहार तिथंच थांबवा.

तपासा: डिझेल गाडीत स्प्रिंगसारखा पिवळा दिवा विझल्यावरच सेल्फ मारायचा.

## टप्पा २: सुरू झाल्यावरचं पहिलं मिनिट

ऑइलचा लाल दिवा दोन-तीन सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर ॲक्सिलरेटर देऊन "बघू" म्हणू नका, इंजिन बंद करा. बॅटरीचा दिवाही लगेच गेला पाहिजे.

तापमानाचा निळा दिवा थोडा वेळ राहील, तो बिघाड नाही. इंजिन अजून थंड आहे एवढंच तो सांगतो. उभ्या गाडीत तो विझण्याची वाट बघत बसू नका. हळू निघा आणि तो जाईपर्यंत इंजिन ताणू नका. मात्र मे महिन्यात दहा-पंधरा मिनिटं चालवूनही निळा दिवा जात नसेल तर थर्मोस्टॅट (तापमानानुसार कुलंटची वाट उघडणारी झडप) उघडा अडकला आहे, किंवा कोणीतरी तो काढून टाकला आहे. या विषयाकडे टप्पा ६ मध्ये परत येऊ.

## टप्पा ३: चालताना काय बघायचं

आताच्या पुष्कळ गाड्यांत तापमानाचा काटा मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो. आतलं पाणी साधारण ८० अंशांवर असो की १०५ वर, काटा तिथंच. थोडा हलला की गिऱ्हाईक घाबरून गॅरेजला येतं, म्हणून कंपन्या त्याला संगणकातून स्थिर करतात. नेमके अंश गाडीगणिक वेगळे, पण वागणूक हीच. म्हणजे काटा मध्यावरून बोटभर जरी वर सरकला तरी इंजिन "थोडं गरम" नसतं, बरंच पुढं गेलेलं असतं. जुन्या जीपमध्ये पाऊण काट्यापर्यंत निभायचं. इथं तो हिशेब लावू नका.

म्हणून काट्याच्या जोडीला तीन गोष्टी बघा.

पहिली, एसी. इंजिन तापलं की पुष्कळ गाड्यांचा संगणक एसीचा कॉम्प्रेसर आपोआप बंद करतो. बाहेर ४५ अंश, गाडीत चार माणसं, आणि एसीची हवा एकाएकी कोमट झाली, तर आधी "गॅस संपला" म्हणू नका, आधी तापमान बघा. लाल दिव्याच्या कितीतरी आधी मिळणारा हा इशारा आहे. माझ्या साळ्यालाही तो मिळाला होता. त्यानं काचा खाली केल्या आणि पुढं निघाला.

दुसरी, काट्याचं खाली येणं. वर गेलेला काटा चढावावर, काहीही न करता, झपकन खाली आला तर आनंद मानू नका. कुलंट इतकं कमी झालेलं असू शकतं की सेन्सर पाण्यात उरलेला नाही, वाफेत किंवा हवेत लटकतो आहे. काटा थंड दाखवतो आणि हेड आत भाजत असतं. निळ्या-लाल दिव्याच्या गाडीत तर याच कारणानं लाल दिवा लागून विझूही शकतो. विझला म्हणजे बरं झालं, असं समजू नका.

तिसरी, स्कॅनरवरचा आकडा. धडधाकट गाडीचा सपाट रस्त्यावरचा आकडा एकदा बघून लिहून ठेवा. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत तो ९० ते १०० च्या आसपास असतो. तुमच्या गाडीचा नेहमीचा आकडा ९२ असेल आणि तो सपाटीवर १०५ दाखवू लागला, तर काटा मधोमध असतानाच तुम्हाला कळलेलं असतं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीत कुटार आणि धूळ भरते तेव्हा आकडा असाच रोज दोन-दोन अंशांनी चढतो. जाळी पाण्याच्या हलक्या धारेनं धुतली की परत जागेवर येतो.

पेट्रोलच्या काट्याबद्दल थोडक्यात: तो उतारावर आणि चढावर वेगळं सांगतो. 'किती किलोमीटर जाईल' हा आकडा मागच्या सरासरीवरून काढलेला असतो, पुढच्या घाटावरून नाही. चिखलदऱ्याला चढायच्या आधी खाली टाकी भरा. दिवा लागेपर्यंत ताणायची सवयही सोडा, टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो.

तपासा: टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागला तर हवा थंड टायरमध्येच मोजा. भर दुपारी समृद्धी महामार्गावरून उतरल्यावर दाब वाढलेला दिसतो, म्हणून हवा सोडू नका. आणि हवा भरायच्या आधी दिवा रीसेट करू नका. काही गाड्या चाकाच्या फिरण्यावरून अंदाज बांधतात. कमी हवेवर रीसेट केलं की त्या तीच हवा बरोबर धरतात.

## टप्पा ४: दिवा लागला, आधी रंग, मग आकार

लाल लागला तर थांबायचं. पिवळा लागला तर चालवत न्या, पण लवकर दाखवा. हिरवा-निळा नुसती माहिती देतो. एवढं सगळ्यांना माहीत असतं आणि तरी गोंधळ होतो, कारण चारही लाल दिवे सारखे नसतात.

ऑइलची लाल झारी. ही सगळ्यात निकडीची. हा दिवा ऑइलच्या *दाबाचा* आहे, पातळीचा नाही. दाब जवळजवळ संपतो तेव्हाच त्याचा स्विच लागतो. बाजूला घ्या आणि लगेच इंजिन बंद करा. "गाव दोन किलोमीटर आहे" हा हिशेब इथं चालत नाही, बेअरिंग त्याच्या आत जातात. पाच-दहा मिनिटांनी सपाट जागी डिपस्टिक बघा. ऑइल कमी असेल तर गाडीखाली वाका: पांदण रस्त्यावर दगड लागून संप (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) फुटलेला असतो आणि घरापासून ऑइलची रेघ आलेली असते. पातळी बरोबर आहे आणि तरी दिवा आहे, तर अजून ऑइल ओतू नका. बिघाड पंपात, बेअरिंगमध्ये किंवा स्विचमध्ये आहे. गाडी टोचन करून न्या. घाटाच्या वळणावर दिवा नुसता लुकलुकला तरी पातळी त्याच दिवशी बघा.

लाल थर्मामीटर. याची कृती टप्पा ५ मध्ये सविस्तर आहे.

ब्रेकचा लाल गोल. आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का ते बघा, निम्म्या वेळा एवढंच निघतं. ते कारण नसेल तर ब्रेक ऑइलची डबी बघा. इथली चूक मोठी आहे: पातळी कमी दिसली की लोक ऑइल भरतात, दिवा विझतो, विषय संपतो. पण ब्रेक पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात आणि पातळी आपोआप खाली जाते. दिवा पॅड बघा म्हणत असतो. आणि पॅड ठीक असतील तर गळती आहे. पेडल खाली जात असेल तर गाडी अजिबात हलवायची नाही.

एकटा पिवळा एबीएसचा दिवा असेल तर साधा ब्रेक लागतो, चाक जाम होऊ न देणारी सोय फक्त बंद असते. चिखलातून आल्यावर चाकाच्या सेन्सरवर लोंदा बसूनही तो लागतो. पण पिवळा एबीएस *आणि* लाल ब्रेक एकत्र लागले तर मागच्या-पुढच्या चाकांत ब्रेक वाटून देणारी सोयही गेली असं समजा आणि थांबा.

बॅटरी. हा दिवा बॅटरी खराब झाल्याचं नाही, चार्जिंग बंद पडल्याचं सांगतो. म्हणून नवी बॅटरी घेऊन फायदा नाही. बॉनेट उघडून पट्टा बघा. तोच पट्टा पाण्याचा पंप फिरवत असेल आणि तो तुटला असेल, तर पाठोपाठ इंजिन तापणार. पुढं जाऊच नका. पट्टा शाबूत असेल तर एसी आणि गाणी बंद करून दिवसा जवळचं गॅरेज गाठता येतं. रात्री हेडलाइटसकट तेवढं अंतर मिळत नाही, आणि विजेवर चालणारं स्टेअरिंगही वाटेत जड होतं.

पिवळं चेक इंजिन. स्थिर असेल तर गाडी चालते, आठवडाभरात दाखवा. *लुकलुकत* असेल तर इंजिन मिस मारतंय आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय. पाय हलका करा, ओझं उतरवा, लवकर थांबा. "पिवळा त कवाचाच लागून हाये, काही नाही होत" हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो. पिवळा आधीच लागलेला असला की दुसरा बिघाड आलेला कळत नाही, खरं नुकसान तिथं आहे. घरात धान्याची पोती आणि शेजारी गाडी, अशी व्यवस्था असेल तर स्कॅनरनं बिघाडाचा कोड काढायच्या आधी उंदरानं वायर कुरतडली आहे का ते बघा.

### डिझेलवाल्यांसाठी तीन जादा दिवे

फिल्टरमधल्या पाण्याचा दिवा कॅनमधून डिझेल भरणाऱ्यांना हमखास भेटतो. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी काढायचं असतं. तसंच चालवलं तर इंजेक्टर जातात.

डीपीएफचा दिवा बीएस-६ डिझेलला, म्हणजे २०२० नंतरच्या गाड्यांना येतो. गाव ते शेत, शेत ते गाव एवढ्याच फेऱ्या असल्या की फिल्टर स्वतःला जाळून साफ करण्याइतका तापत नाही. दिवा स्थिर पिवळा असतानाच मोकळ्या रस्त्यावर ६० च्या वर, एका लयीत पंधरा-वीस मिनिटं चालवा आणि मध्येच बंद करू नका. नेमका वेग पुस्तकात बघा.

सावधान: या वेळी आणि लगेच नंतर गाडी वाळलेल्या गवतावर, कुटारावर किंवा पऱ्हाटीच्या ढिगाजवळ उभी करू नका. खालचा भाग आग लागण्याइतका तापलेला असतो.

तिसरा दिवा डीईएफचा, म्हणजे धूर साफ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाचा, ज्या गाडीला ती टाकी आहे तिच्यासाठी. टाकी पूर्ण रिकामी झाली की बंद केलेलं इंजिन परत सुरू होत नाही. आणि हो, त्यात युरिया असतो म्हणून शेतातला युरिया पाण्यात विरघळवून टाकायचा नाही. २०१५ पासून शेतीच्या युरियाला निंबोळी तेलाचा थर सक्तीचा आहे. पिकाला तो चांगला, पण या टाकीची नोझल तो बुजवतो.

## टप्पा ५: गाडी गरम आली तर, याच क्रमानं

१. काटा मध्यावरून सरकला आहे पण लाल दिवा नाही: एसी बंद, हीटर पूर्ण गरमावर, पंखा पूर्ण, काचा खाली. ४५ अंशांत हीटर लावणं वेडेपणा वाटतो, पण तो इंजिनची उष्णता ओढणारा दुसरा छोटा रेडिएटर आहे. काटा उतरला नाही तर थांबा.

२. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली: सुरक्षित बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. सावलीसाठी पुढचं झाड शोधत जाऊ नका. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वर मदत मिळते.

३. वाफ थांबल्यावर बॉनेट उघडा. पंख्याजवळ हात नको, इंजिन बंद असतानाही तो अचानक फिरू शकतो.

४. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. रेडिएटरचा वरचा पाइप हाताला गार लागेपर्यंत झाकण उघडायचं नाही. आत दाब असतो, म्हणून पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल करताच ते एकदम उसळून तोंडावर येतं. रस्त्यात माणसं भाजतात ती अशीच.

५. झाकणावर जाड फडकं ठेवून थोडं फिरवा, फुसफुस संपू द्या, मग काढा. कुलंट हळूहळू भरा. तापलेल्या इंजिनवर बादलीभर थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जातो.

६. भरलेलं खाली ठिबकतंय का बघा. ठिबकत नसेल आणि पंखा फिरत असेल तर एसीशिवाय, हळू, जवळच्या गॅरेजपर्यंत. परत चढलं तर पुन्हा क्रमांक दोन.

तपासा: डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी ऑइलमध्ये गेलं आहे. सेल्फ मारू नका.

## टप्पा ६: गॅरेजमध्ये

मीटरचा फोटो, वेळ, चढ होता की सपाट, एसी चालू होता का, हे मिस्त्रीला सांगा. बॅटरीचं टर्मिनल काढायच्या *आधी* स्कॅनर लावायला सांगा. टर्मिनल काढून दिवा घालवणं ही जुनी युक्ती आहे, पण त्यासोबत बिघाडाच्या क्षणी साठवलेली माहितीही पुसली जाते आणि दोन दिवसांनी दिवा परत येतो.

दोन 'जुगाड' नम्रपणे नाकारा. एक, "आपल्याकडे ऊन लई, थर्मोस्टॅट काढून टाकू." तो काढला की इंजिन नीट गरम होत नाही, निळा दिवा रेंगाळतो, पेट्रोल जास्त जातं, आणि मूळ दोष, मग तो बुजलेली जाळी असो की कमजोर पंप, तसाच राहतो. दोन, "पंखा डायरेक्ट करू." पंखा सतत फिरून लवकर जळतो, आणि ज्या सेन्सरमुळे तो फिरत नव्हता तो बिघडलेलाच राहतो. नवा थर्मोस्टॅट आणि नवा सेन्सर, दोन्ही मिळून हेडच्या कामापेक्षा कितीतरी स्वस्त पडतात. साळ्याला आता पाठ आहे.

दुरुस्ती झाल्यावर पैसे द्यायच्या आधी टप्पा १ परत करा: चाबी 'ऑन', सेल्फ नाही. जो दिवा घालवायला तुम्ही गेला होतात तो आता लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. कुलंटचं काम झालं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, डबीतली पातळी पुन्हा बघा. आत अडकलेली हवा रात्रीतून निघते आणि पातळी बोटभर खाली गेलेली असते. तेवढी भरून घ्या.